मामांचं विसण

चमचा या वस्तूचा इतका मनापासून तिरस्कार करणारा माणूस दौंड तालुक्यातच काय, साऱ्या पुणे जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. हे वाक्य लिहिताना मला जरा धाकधूक वाटते आहे, कारण मी अजून शिकतो आहे आणि आमच्या कॉलेजात कोणतंही विधान मोजूनमापून करायला सांगतात. पण खुटबावच्या माझ्या मामांच्या बाबतीत मोजमाप लावून काही साधत नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. खायच्या चमच्याशी त्यांचं काही भांडण नव्हतं. पोहे ते चमच्यानंच खात. त्यांचा राग होता तो ढवळायच्या चमच्यावर, आणि त्याच्याबरोबर त्याच्या सगळ्या भाऊबंदांवर, म्हणजे पळी, डाव, रवी, बांबू आणि माणसाचा हात यांच्यावर. दोन पातळ पदार्थ एकत्र करायचे असतील तर एकात दुसऱ्याची नीट धार सोडावी, ते आपोआप मिसळतात. ढवळणं हे ज्याला ओतता येत नाही अशा माणसाचं काम, असा त्यांचा सिद्धांत होता. आत्या ताक करायला रवी काढायची तेव्हा मामा उठून बाहेर जात. घरात कुणी परकं माणूस कपडे बदलत असावं, तसे.

हा सिद्धांत त्यांना साखर कारखान्यात मिळाला. ते तिथं पंपावर नोकरीला होते. तिथल्या एका टाकीत रस फिरवायला आधी मोठं पातं होतं. पुढं ते काढून टाकलं आणि टाकीतलाच रस पंपानं ओढून पुन्हा त्याच टाकीत जोरानं सोडायला सुरुवात झाली. मामांनी शिडीवर चढून वरनं आत पाहिलं आणि खाली उतरले ते वेगळे मामा होऊनच. "धार कधी एकटी जात न्हाई रं," ते मला समजावून सांगत. "वाटंतल्या पाण्याला हाताला धरून नेती. ते पाणी फुडच्याला धरतं. वरात निघाल्यावर कसं, निघताना धा माणसं असत्यात आन् मारुतीपातुर सगळा गाव." आता यात चूक काहीच नाही. दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला सरांनी टर्ब्युलंट जेट, म्हणजे खळाळती धार, शिकवला, तेव्हा पुस्तकात दोन पानं भरून इंग्रजीत हेच लिहिलेलं होतं. मला एकदम वरात दिसली आणि हसू आलं. सरांनी उभं केलं आणि काय झालं विचारलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे तिथं काय बोललेलं चालतं याचा मला अजून अंदाज नव्हता. मी "काही नाही सर" म्हणून खाली बसलो.

सिद्धांत नुसता बोलण्यापुरता असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मामा तो जगत होते. चहा आणि दूध त्यांना वेगवेगळं लागे. कपात चहा घ्यायचा, दुधाचं भांडं हात पुरेल तितकं वर न्यायचं आणि डोळे बारीक करून धार सोडायची. त्यामुळे त्यांच्या सगळ्या सदऱ्यांवर पोटाच्या उंचीला एक कायमची नक्षी असे. पाटसला हायवेच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीत एकदा त्यांनी हाच प्रयोग केला. शेजारी एक पाहुणे पेपर वाचत बसले होते. धारेनं कप चुकवला आणि पाहुण्यांचा पेपर गाठला. पाहुणे संतापले, तर मामा त्यांना शांतपणे म्हणाले, "पेपर वल्ला झालाय, पर बघा, डाग कसा सगळीकडं सारखा पसरलाय." टपरीवाला तेव्हापासून मामा दिसले की चहा गाळण्याआधीच आत चमचा फिरवून ठेवू लागला. वावरात तर याहून कठीण प्रसंग. फवारणीच्या पंपात औषध ओतून मामा तसेच निघत. पहिल्या सरीतली वांगी करपून जात आणि शेवटच्या सरीतल्या किडी पहिल्यापेक्षा धष्टपुष्ट दिसत. यावर त्यांचं म्हणणं असं, की रोगच मुळात पहिल्या सरीत जास्त होता.

घरात मात्र सिद्धांत कधी चुकत नसे. याचं मला फार आश्चर्य वाटायचं. सिद्धांताचा रोजचा सोहळा म्हणजे मामांची अंघोळ. त्यांची न्हाणी मागच्या अंगणात, चार पायऱ्या उतरून. तिथंच चुलवणावर पाचट जाळून पाणी तापायचं. कढत पाणी बादलीत घ्यायचं आणि त्यात सोसेल इतकं गार पाणी, म्हणजे विसण, घालायचं. तुम्हीआम्ही विसण घालतो आणि हात घालून पाणी फिरवतो. मामा तांब्या खांद्यापर्यंत उचलत, मान कलती करत आणि एका जागी एकच धार सोडत कान देऊन ऐकत. आवाज खर्जात गेला की धार तळाला पोचली असं ते समजत. मग त्यांना हमखास आठवण व्हायची, की टॉवेल आणायचा राहिला. रोज. पोलीसपाटलाच्या पोराच्या मुंजीचा मेनू ज्यांना आजही पाठ आहे, त्या माणसाला टॉवेल काही लक्षात राहत नसे. ते बाहेर येत, "टॉवेल ऱ्हायला गं" म्हणून ओरडत आणि न्हाणीकडं पाठ करून पेरूच्या झाडावरचे पोपट मोजत उभे राहत. माझी आत्येबहीण, आमची ताई, टॉवेल घेऊन धावत जायची, आत ठेवून यायची, आणि मग मामांची अंघोळ सुरू व्हायची. बाहेर आल्यावर ते मला म्हणत, "वरपासनं तळापातुर एकसारखं पाणी. हात घालावा लागला का?" कानामागून पाणी गळत असे. आत्या म्हणायची, "या माणसाला जन्मात धड अंग पुसता आलं न्हाई. टॉवेलाचं एक टोक रोज कोरडंच." ते कोरडं टोक पुढं करून मामा टॉवेल ताईच्या हातात देत आणि ती तो दोरीवर टाकायची.

त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत काचेची एक टाकी आली. सरांनी साध्या पाण्यात रंगवलेल्या साध्या पाण्याची धार सोडली. ती केरसुणीसारखी पसरत गेली आणि थोड्या वेळात टाकीभर एकच फिका रंग झाला. मग त्यांनी रंगवलेलं मिठाचं पाणी हळूच सोडलं. ते सरळ तळाला गेलं आणि चादर अंथरावी तसं पसरून पडलं. वरचं पाणी वर, खालचं खाली. धारेतलं पाणी आणि टाकीतलं पाणी यांचं वजन सारखं असलं तर गोष्ट वेगळी, आणि जडहलकं असलं तर वेगळी. जड धारेला मिसळायला भाग पाडायचं तर तिच्यात तेवढा जोर पाहिजे, नाहीतर ती आपल्या वजनानं खाली जाऊन स्वस्थ बसते. बाकीची मुलं आकडे लिहून घेत होती. मला मामांची बादली दिसत होती. कारखान्याच्या टाकीत रसात रसच पडत होता. पण गार पाणी कढत पाण्याहून जड असतं. म्हणजे मामांच्या बादलीत वर कढत आणि तळाला गार राहायला हवं होतं.

सुट्टीत खुटबावला गेलो तेव्हा मामा वावरात होते. मी न्हाणीत जाऊन त्यांच्यासारखीच धार सोडली आणि आत हात घातला. वर चटका बसला, तळाशी बोटं गार पडली. मी हात धरून उभा होतो, तेवढ्यात ताई आली. सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला आणि ती पायरीवर बसून हसायला लागली.

"अरे येड्या," ती म्हणाली, "टॉवेल ठिवायला जाते तवा कोपरापातुर हात घालून फिरवते की मी. रोज."

चहाचंही तेच. मामा दूध ओतून बशी शोधायला वळले, की ती चमच्याचा दांडा फिरवून घ्यायची. गावात जयंतीला, सप्ताहाला सरबत करायला मामांनाच बोलावत, तिथंही ड्रमात बांबू फिरवून यायची. लहान होती तेव्हापासून हे चाललेलं. मी म्हटलं, एकदा सांगून टाक ना त्यांना. ती गंभीर झाली. मामांना ती आप्पा म्हणायची. "नगं. आप्पांचं तेवढंच हाय. तू कुनाला बोलू नगंस." मग पायरीवरचा पाला बोटानं बाजूला करत म्हणाली, "शिरूरचं स्थळ पक्कं झालंय माझं. आता हितं कोन फिरवनार, सांग."

आत्याच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या झेपत नव्हत्या, आणि झेपल्या असत्या तरी उघड चमचा वापरणारी ती एकटीच असल्यामुळे सिद्धांताच्या लेखी ती विरोधी पक्षात होती.

लग्न खुटबावलाच, दारात मांडव घालून करायचं ठरलं. पंगतीआधीचं लिंबू सरबत मामांनी आपल्याकडे घेतलं. मोठी काळी प्लास्टिकची टाकी आणून ओट्यावर चढवली आणि चारचौघांत जाहीर केलं, की पाण्यात पाकाची धार सोडणार आणि टाकीला कुणी बांबू लावणार नाही. लोकांनी थट्टा केली. मामांनी पैज लावल्यासारखा सगळ्यांना नमस्कार केला. आता लेकीच्या लग्नात, शिरूरच्या पाहुण्यांसमोर, मामांचं हसं होणार की नाही, हे त्या टाकीवर येऊन ठेपलं होतं. मी फार धीर करून त्यांना गाठलं आणि म्हटलं, मामा, पाक पाण्याहून जड असतो.

"म्हंजी आपसूक खाली जातोय," मामा म्हणाले. "बरोबर हाय की."

"खाली जातो मामा, पण खालीच राहतो."

"तू अजून सेकंड इयरलाच हायेस न्हवं?" ते म्हणाले.

लग्नाच्या सकाळी त्यांनी स्टुलावर उभं राहून पाक ओतला. धार सुंदर होती, यात शंका नाही. थोड्या वेळानं ताईनं मला आतल्या खोलीत बोलावलं. दोन्ही हात पुढं धरून ती बसली होती. मेंदी कोपरापर्यंत, अजून ओली. "मला जमत न्हाई," ती हळूच म्हणाली. "तू जा. बांबू गोठ्याच्या मागं हाय. आप्पांच्या नकळत फिरवून ये." मी बांबू घेऊन गेलो. मामा टाकीला पाठ लावून, खुर्चीत पेपर उघडून राखणीला बसले होते. माझ्या पायांचा आवाज झाला असावा.

"कोन हाय?" त्यांनी न वळता विचारलं.

"मी हाय मामा."

"बरं," असं म्हणून त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मी बांबू धरून तसाच उभा राहिलो. टाकीत बांबू घातला तर पाणी डचमळणार, मामा वळून पाहणार, आणि ऐन लग्नात त्यांच्या आयुष्यभराच्या श्रद्धेवर मी बांबू घालताना सापडणार. माझ्यानं ते झालं नाही. मी बांबू गोठ्यामागं ठेवून आलो.

टाकीची तोटी तळाला होती. अक्षता पडल्या आणि पहिले ग्लास रिवाजाप्रमाणे शिरूरच्या पाहुण्यांना गेले. मान म्हणून सगळ्यात आधी नवरदेवाच्या आजोबांना, आबांना. आबांनी मोठा घोट घेतला आणि तोंड मिटलं ते त्यांना चटकन उघडता येईना. त्यांच्या मिशा ओठाला चिकटल्या होत्या. शेजारच्या पाहुण्यानं ग्लास उलटा केला, तर सरबत सावकाश, विचार करत खाली यायला लागलं. अखेर आबांचं तोंड सुटलं. "सरबत हाय का पाक?" ते म्हणाले. "जिलबी कुठं बुडवायची?" दोघंचौघं हसले. मामा तोटीपाशी उभे होते. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

ताई स्टेजवर खाली मान घालून बसली होती. शेजारी नवरदेवाची चुलती. नव्या नवरीनं बोलायचं नसतं, पण ती मान खाली ठेवूनच तिला म्हणाली, "आमच्यात पहिला गलास पाकाचाच असतो, काकी. नातं पातळ पडू न्हाई म्हणून."

काकींनी ते पुढच्या बाईला सांगितलं. वाक्य मांडवभर फिरलं आणि फिरता फिरता आणखी जुनं होत गेलं. आबांपर्यंत पोचलं तेव्हा ते ताईच्या पणजोबांच्या वेळचं झालं होतं. आबा गंभीर झाले. त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला, संपवला आणि आणखी एक मागितला. शिरूरकरांनी तो पाक तीर्थासारखा घेतला. आमच्या बाजूच्या लोकांपर्यंत ग्लास आले तोवर टाकीत वरचं पाणी तेवढं उरलं होतं. खुटबावकरांनी आणि माझ्या गावच्या कासुर्डीकरांनी लिंबाच्या वासाचं साधं पाणी पिऊन "झ्याक झालंय" असं एकमेकांना सांगितलं. दुपारपर्यंत मामा स्वतःच येईल त्याला त्या जुन्या रिवाजाचं महत्त्व सांगत होते. ताईच्या सासरी आता लग्नात पहिला ग्लास पाकाचाच देतात, असं ऐकतो.

ताई शिरूरला गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. आत्याचे गुडघे, मामांचं वय, आणि खुटबावहून मला कॉलेजची एसटी सोयीची, अशी कारणं काढून माझ्या वडिलांनी मला तिथंच राहायला पाठवलं. मी मनात ठरवून गेलो होतो, की ताईचं काम आता आपण करायचं. पहिल्या सकाळी मी तयारीत राहिलो. मामांनी विसणाची धार सोडली. मी हाकेची वाट पाहत होतो. हाक आली नाही. मामा टॉवेल खांद्यावर टाकूनच न्हाणीत गेले होते. दुसऱ्या दिवशीही तसंच. ज्या माणसाला इतकी वर्षं टॉवेल आठवला नव्हता, त्याला तो आता बिनचूक आठवत होता. आतून आधीच्या तांब्यांना "हा, हा" आणि शेवटच्या तांब्यांना "हू, हू" असे आवाज येत. बाहेर आले की पाठ लाल झालेली आणि पाय काकडलेले. पाणी कसं मिसळलं यावर एक शब्द नाही. चहातही ते दूध ओतत, पण खालूनच, नुसतं ओतायचं म्हणून. सदरे स्वच्छ राहायला लागले.

मग एका सकाळी मला राहवलं नाही. मामा उठायच्या आत मी त्यांचा टॉवेल खुंटीवरून काढला आणि माझ्या पांघरुणाखाली ठेवला. ते खुंटीपाशी गेले, तिथं थोडा वेळ थांबले आणि तसेच पायऱ्या उतरून गेले. धार सोडल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. मग मामा बाहेर आले.

"टॉवेल ऱ्हायला रं," ते म्हणाले. ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले.

मी टॉवेल घेऊन निघालो, तर चुलीपाशी बसलेली आत्या भाकरीवरची नजर न काढता म्हणाली, "बाही वर करून जा."

मी बाही कोपराच्या वर सारली. ती भाकरी थापत होती. अंगणात आलो, तर मामा न्हाणीकडं पाठ करून पेरूसमोर उभे होते. झाडावर त्या दिवशी एकही पोपट नव्हता. ते तरीही मोजत होते. मी आत जाऊन बादलीत हात घातला. वर चटका बसला, तळाशी गार लागलं, आणि फिरवता फिरवता दोन्ही एकमेकांत हरवत गेलं. तेव्हा मला मांडवातली टाकी आठवली. टाकीला पाठ लावलेली ती खुर्ची, आणि न वळता म्हटलेलं "बरं". मी बांबू घेऊन उभा होतो तेवढा वेळ मामांनी पेपरचं एक पान उलटलं होतं. मला ती राखण वाटली होती.

मामांची अंघोळ झाली. आतून एकही आवाज आला नाही. बाहेर आले तेव्हा कानामागून पाणी गळत होतं.

"बेस मिसळलं," ते म्हणाले. "बघितलंस का? धार नीट सोडली की हात घालावा लागत न्हाई."

"व्हय मामा," मी म्हणालो.

माझ्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी ते पाहिलं, आणि टॉवेल माझ्यापुढं धरला. सगळा टॉवेल ओला होता. एक टोक तेवढं कोरडं ठेवलेलं होतं.